आईंच्या माहेरी, आईंना न सांगता

रविवार, ७ ऑगस्ट १९८८

ती. आईंना मित्सुएचा नमस्कार.

मी इकडे खुशाल आहे. तुमचे गुडघे कसे आहेत? काकड्या वेळेवर तोडून घ्या, नाहीतर भोपळ्याएवढ्या होतील. तुमचे चिरंजीव नीट बसून जेवतात ना? मी नसले की हे उभ्या उभ्याच काहीतरी तोंडात टाकतात. फोनच केला असता, पण फोनवर तुम्ही "ऐकलं, ठेव आता!" असं ओरडून ठेवून देता. आणि मला इतकं सांगायचंय, इतकं सांगायचंय, की ते फोनमध्ये मावायचं नाही.

आई, पूल पाहिला! एप्रिलपासून टीव्हीवर बघत होतो तो. गाडी चक्क समुद्रावरून जाते. खाली बघावं तर बेटं, होड्या आणि पाणी नुसतं चकाकतंय. आमच्या महिला मंडळाच्या सगळ्या बायका एकदम डाव्या खिडक्यांकडे धावल्या, तेव्हा तिकीट तपासनीस हात जोडून म्हणाला, "बायांनो, निम्म्या तरी उजवीकडे बसा हो, गाडी कलंडेल!" कुणी हललं नाही. मी तर खिडकीची कडा दोन्ही हातांनी धरून बसले होते. चाळीस वर्षं डोंगरात काढलेल्या बाईला एवढं पाणी एकदम दाखवू नये.

मला यायला दोन-चार दिवस उशीर होईल. सुमिएबाईंचा पाय मुरगळलाय, त्यांच्यासोबत कुणीतरी थांबायला हवं, म्हणून मी थांबले. त्यामुळे मंडळ पुढे गेलं आणि आम्ही जरा आणखी दक्षिणेला आलो. समुद्राकाठचं गाव आहे. गावाबद्दल तुम्हाला मी काय सांगणार? पण राहवत नाही, म्हणून सांगते.

आज रविवारचा बाजार होता. ताडाच्या झाडांखाली किल्ल्यापर्यंत दुकानंच दुकानं. आलं, टोमॅटो, कोयते, रोपटी, कासवं, काय वाटेल ते. आणि माणसं बोलतात म्हणजे भांडतातच! एका बाईकडे रताळ्याची भजी घेतली. माझ्या मुठीएवढं एकेक भजं. मी हातात धरून तिच्याकडे बघत राहिले, तर तिनं झारा माझ्यावर रोखला. "भजं विकत घेतलंस का माझा फोटो काढतेस? खा की! गार झालं तर माझं नाव खराब होईल."

मी मुकाट्यानं खाल्लं. जीभ पोळली. वर आणखी दोन घेतली.

दुपारी कात्सुओ मासा खाल्ला. भाताच्या पेंढ्याच्या जाळावर नुसता वरून होरपळवतात, आतून कच्चाच. जाड जाड तुकडे, मीठ आणि कच्चा लसूण. डोळ्यांत पाणी आलं. लसणानंच आलं असावं.

गल्लीगल्लीत नाचाची तालीम चाललीय. दोन्ही हातांत लाकडी टाळ्या, नारुको. सगळं गाव टक-टक वाजतंय. बुधवार-गुरुवारी मोठा नाच आहे. तेवढा बघून येते. तेराव्या तारखेला, पितर घरी यायच्या दिवशी, मी नक्की तुमच्यासोबत असेन.

गोळ्या विसरू नका.

तुमची,
मित्सुए


बुधवार, १० ऑगस्ट, संध्याकाळ

ती. आईंना नमस्कार.

हे पत्र जलद टपालानं पाठवतेय. पत्र हातात आलं की आधी बसून घ्या.

सुमिएबाईंच्या पायाला काही झालेलं नाही. त्या सातव्या तारखेलाच घरी पोचल्यात, आणि तुम्हाला सहकारी दुकानात भेटल्या असतील तर माझं खोटं तुम्हाला केव्हाच कळलंय. पाकिटावरचा शिक्काही तुम्ही वाचला असणारच. हो आई, मी कोचीत आहे. तुमच्या माहेरी.

वसंतात कपाटाची साफसफाई केली, तेव्हा तुमची जुनी पेटी माझ्या हातून उघडली. 'उघडली गेली' असं लिहिणार होते, पण नको, मीच उघडली. आत किमोनोच्या घडीत एकच पत्र होतं, १९४७ सालच्या जानेवारीतलं. तुमच्या धाकट्या बहिणीचं. "आईच्या मरणाला जी आली नाही, ती माझी बहीण नाही. पुन्हा पत्र पाठवू नकोस. कामेयो." मागे पत्ता होता. मी तो उतरवून घेतला आणि पेटी होती तशी ठेवली. मग एप्रिलमध्ये पूल झाला, मंडळाची सहल ठरली, आणि मला वाटलं, आता नाही तर कधीच नाही.

पत्त्यावरची गल्ली आता नाही. पण बाजारात आडनाव विचारलं तर तिघींनी एकाच दिशेला बोट दाखवलं. ती भजीवाली! आई, मी तिच्याकडे बघत राहिले होते कारण कढईमागे तुम्हीच उभ्या होतात. तेच कपाळ, तीच एक भुवई चढवून बघायची तऱ्हा. त्या दिवशी माझी जीभ उचललीच नाही. सोमवारी त्यांच्या घरी गेले. पुढच्या खोलीत छोटंसं दुकान आहे. मी नाव सांगितलं, गाव सांगितलं, "इसोएबाईंची सून" असंही सांगितलं.

कामेयोमावशींनी गॅस बंद केला. "मेली का?"

"नाही हो! ठणठणीत आहेत. गुडघे तेवढे दुखतात."

"मग स्वतः का नाही आली? गुडघ्यावर काय रांगत यायचं होतं? गाडी आता दारात येते. सुनेला कशाला पाठवलं?"

"त्यांनी नाही पाठवलं. त्यांना माहीतच नाही."

मग त्यांनी मला पहिल्यांदा नीट पाहिलं. "म्हणजे चोरून आलीस?"

"हो."

"बरं झालं. त्या घरात एक तरी धीट निघाली." आणि परत गॅस पेटवला. "उभी काय राहतेस? रताळी सोल."

तीन दिवस सोलतेय, आई. लॉज सोडून त्यांच्याकडेच राहायला आले. तुमच्याबद्दल बोलायचं नाही असा हुकूम आहे, आणि तो दर तासाला त्याच मोडतात. "ती अजून लोणचं खारट घालते का?" "तिला मुलगा झाला तो कसा आहे दिसायला?" मी उत्तर द्यायला गेले की, "मी विचारलं का तुला?"

काल बाजारातल्या बायका जमल्या होत्या. इथल्या बायका काय पितात! एक पेला असा असतो की त्याच्या बुडाला भोक, बोट लावून धरायचा, संपवल्याशिवाय खाली ठेवताच येत नाही. माझी अवस्था बघून मावशी म्हणाल्या, "डोंगरातली माणसं, यांना प्यायला शिकवा रे कुणीतरी!"

आणि आज मी नाचले! ऐकताय ना? मी! त्यांच्या पथकातल्या एकीनं ऐन वेळी टांग दिली, तर मावशींनी तिचा कोट माझ्या अंगावर चढवला आणि हातात नारुको कोंबले. पुढे ट्रक, त्यावर भोंगे, मागे आम्ही चाळीस बायका. सगळ्यांचा डावा हात वर तेव्हा माझा उजवा. रस्त्याकडेचा एक म्हातारा ओरडला, "अगं लाल कोटवाली, तू घरी चाललीस का?" सगळे हसले, मीही हसले, आणि पाय थांबेनात. आज लेखणी धरतेय तर हात अजून टक-टक करतोय. मावशी पासष्टाव्या वर्षी सगळ्यांच्या पुढे, मान ताठ. तुम्ही कधी नाचला होतात का हो, आई? तुमची पावलं कशी पडायची, हे मला ठाऊकच नाही.

आता खरं ते लिहिते. तेराव्या तारखेला मी येत नाही. तुम्ही या. यांना मी सगळं सांगितलंय, ते तुम्हाला घेऊन निघतील. तुमच्या आईची समाधी इथे टेकडीवर आहे, समोर समुद्र दिसतो. मावशी बोलावतायत असं मी लिहिणार नाही, कारण त्यांनी तसं म्हटलेलं नाही. पण आज कोट उतरवताना त्या म्हणाल्या, "वरची खोली झाडून घे. रिकामी आहे म्हणून सांगतेय, दुसरं काही मनात आणू नकोस."

माझ्यावर रागवा, पण इथे येऊन रागवा.

तुमची,
मित्सुए


शनिवार, १३ ऑगस्ट
कोची स्टेशन, फलाट

आई,

हे पत्र टपालानं यायचं नाही. तुम्ही गाडीतून उतरलात की मी ते तुमच्या हातात देणार आहे. आधी बाकावर बसून हे वाचा, मगच पुढे चला. तोंडानं सांगायला गेले तर मी रडेन आणि निम्मं राहून जाईल.

काल यांचा फोन आला. "पत्र वाचलं, आणि आई बॅग घेऊन दारात उभी आहे. गाडी दुपारी आहे म्हटलं तर म्हणते, मग आत्ता इथे उभं राहायला काय हरकत आहे?" मी तो निरोप जसाच्या तसा मावशींना सांगितला.  मागच्या दारी जाऊन त्यांनी धुतलेली रताळी पुन्हा धुतली.

आता माझा गुन्हा. गुरुवारी सकाळी आम्ही दोघी समाधी साफ करायला गेलो. गवत उपटता उपटता मावशी आपणहून बोलायला लागल्या. सेहेचाळीसच्या डिसेंबरातल्या त्या मोठ्या भूकंपात तुमच्या आई तुळईखाली सापडल्या, त्यांना बाहेर काढलं, आणि पुढे नऊ दिवस त्या जगल्या. नऊ दिवस एकच विचारत होत्या, "इसोए आली का?" मावशी रोज सांगायच्या, "निघालीय, गाडीत बसलीय." मला म्हणाल्या, "मरणाऱ्या आईशी मी नऊ दिवस खोटं बोलले. इसोएनं मला ते बोलायला लावलं. ती आली नाही याचा राग एकदाचा गिळला असता. हा नाही गिळता आला."

आई, मी तुम्हाला शब्द दिला होता. अकरा वर्षांपूर्वी माझी आई अंथरुणाला खिळल्याचा निरोप आला, तेव्हा बाहेर छातीएवढं बर्फ होतं आणि हे म्हणत होते, दोन दिवस थांबू. तुम्ही माझे बूट शेगडीजवळ गरम करून आणलेत आणि म्हणालात, "आत्ता नीघ. मी नाही पोचले, तू पोच." मग दारात उभ्या राहून, पहिल्यांदाच, तुम्ही मला सगळं सांगितलंत आणि कुणाला सांगणार नाही असा शब्द घेतलात. मी पोचले. आईचा हात माझ्या हातात होता. तो हात तुम्ही मला दिलात, आई. आणि ज्या बाईनं मला ते दिलं, तिला तिची बहीण एक्केचाळीस वर्षं दगड समजत होती. माझ्यानं नाही गप्प बसवलं.

मी सांगून टाकलं. आईची तार आली तेव्हा तुम्हाला सातवा महिना होता. तुमच्या सासूबाई नाही म्हणाल्या. तुम्ही भल्या पहाटे एकट्याच बर्फातून स्टेशनकडे निघालात. अर्ध्या वाटेवर पडलात, गावच्या माणसांनी उचलून परत आणलं, आणि बाळंतपणापर्यंत अंथरुणावरून उठू दिलं नाही. वाचलेलं ते बाळ म्हणजे आमचे हे. आणि हे कुणालाही लिहिलं नाहीत, कारण लिहिलं तर सासरच्या घराला बोल लागला असता, आणि मुलाला त्याच घरात वाढायचं होतं.

मावशी ऐकत होत्या आणि गवत उपटत होत्या. गवत संपलं तरी उपटत होत्या. गेल्या वर्षी लावलेली फुलझाडंही उपटली. मग हात थांबले.

"गाढव," त्या म्हणाल्या. "एक ओळ लिहायला काय झालं होतं?"

मी उपटलेली फुलझाडं परत मातीत खोचायला लागले.

हातांची माती झटकत म्हणाल्या, "पुढे रूळच उखडले होते, ठाऊक आहे? ती गाडीत बसली असती तरी अलीकडेच कुठेतरी अडकली असती. पोचली नसतीच. हे मला तेव्हाही माहीत होतं, सूनबाई. पत्र लिहिलं तेव्हाही माहीत होतं. पण कुणावर तरी ओरडायला हवं होतं ना? ती लांब होती. लांबच्या माणसावर ओरडणं सोपं."

संध्याकाळी नाच होता. मला वाटलं, आज या येणार नाहीत. त्या आल्या, आणि अशा नाचल्या की पथकातल्या तरुण मुली मागे पडल्या. मधेच रस्त्यात थांबल्या, कपाळाचा घाम पुसला, डोळेही पुसले आणि माझ्याकडे वळून ओरडल्या, "डावा हात! डावा!"

तर, आई, त्यांना सगळं ठाऊक आहे. तुम्ही न सांगता. मी तुमचा शब्द मोडला, त्याची शिक्षा द्या. पण त्यांच्यासमोर "मी आले नाही, माझं चुकलं" असं म्हणू नका. त्यांना ते ऐकवणार नाही.

मी हे फलाटावर बसून लिहितेय. गाडी साडेअकराची आहे, आणि मावशींनी मला साडेनऊलाच इथे आणलंय. इस्त्रीचे कपडे घातलेत, केस बांधून घेतलेत, आणि आल्यापासून चारदा विचारलं, "म्हातारी झाली असेल ना? मी ओळखीन ना तिला?" आरशात बघा म्हटलं, तर चिडल्या. मला लिहिताना बघून म्हणतायत, "एवढं काय लिहितेस? त्यात लिही, उशीर झालाय म्हणावं." मग म्हणतायत, "नको, ते खोड." मी खोडलेलं नाही.

आता गाडी आल्याची घंटा झाली. मावशी शेवटच्या खांबाआड जाऊन उभ्या राहिल्यात. तुमचं वाचून होईपर्यंत पुढे यायचं नाही, असं मी त्यांना बजावलंय. त्यांनी मान डोलावली, पण आत्ताच त्यांचा एक पाय खांबाबाहेर आलाय. त्या थांबतील असं मला वाटत नाही. म्हणून आई, शेवटची ओळ राहिली तरी चालेल, मान वर करा.

तुमचा शब्द मोडणारी, तुमचीच
मित्सुए