महादूचा गुडघा, माझा गुडघा

३ मे
डावा गुडघा कुरकुरतोय. कारण पंख्याचा वारा. दुसरं काही नाही. टाक्यांच्या शिडीची ड्यूटी कंपनीत सुरुवातीपासून माझ्याकडे आहे. माझ्याइतका बिनधास्त वर चढणारा दुसरा नाही, हे सेफ्टी ऑफिसर हितेश साहेबही मानतात. यंदा मेडिकलमध्ये गुडघ्याचा एक्स-रे काढणार म्हणे. जो नापास, त्याची बदली गेटवरच्या केबिनमध्ये. मी आणि केबिन!

५ मे
मोबाइलवर लेख वाचला. काही पाहण्यांत सिगरेट ओढणाऱ्यांच्या गुडघ्यांची झीज कमी आढळली. दोनदा वाचला. मग गेटबाहेर चिंतूच्या टपरीवर एक जास्तीची ओढली, औषध म्हणून. चिंतू म्हणाला, काका, लंगडत येता नि लंगडत जाता, सोडा ना ती. त्याचं शिक्षण नववी. माझं अकरावी, पण पुढचं सगळं मी स्वतः वाचून केलंय.

६ मे
वैभवीने (मुलगी, पालघरला लॅबमध्ये आहे) लेखाचा उरलेला भाग वाचून दाखवला. तो मी वेळेअभावी ठेवला होता. सिगरेटवाले बारीक असतील, गुडघ्यावर भारच कमी येत असेल. नुसतं बघून कारण कळत नाही म्हणे. म्हणून शास्त्रज्ञ जनुकं बघतात. जन्मताना निसर्ग चिठ्ठ्या टाकतो. कोणाला तंबाखूची ओढ लावणारं जनुक, कोणाला नाही. चिठ्ठी टाकताना गुडघा कोणी पाहत नाही, म्हणून तुलना चोख. तशा तुलनेत फायदा दिसत नाही, उलट झीज वाढलेली दिसते.
मी म्हटलं, त्यासाठी लाखो माणसं कशाला गोळा करायची? माझ्याकडे महादू आहे.

७ मे
महादू माझा जुळा भाऊ. सफाळ्याला वाडी बघतो. चेहरा तोच, चाल तीच (पूर्वी). जनुकं तंतोतंत. लोक गुणसूत्रं म्हणतात, ढिसाळ बोलणं. मी ओढतो, तो ओढत नाही. इतका स्वच्छ प्रयोग परदेशातही नसेल. वैभवी म्हणाली, बाबा, दोन माणसांचा अभ्यास होत नाही. तिची पदवी अजून नवीन आहे.

९ मे, पहाटे
झोप नाही. गुडघा. पंखा बंद होता.
विचार केला. जनुकं तीच, म्हणजे गुडघेही तेच. मग एक्स-रे माझा काढला काय, महादूचा काढला काय. ही फसवणूक नव्हे. वैभवीच्या लॅबमध्ये सगळं रक्त थोडंच काढून घेतात? नमुना घेतात. महादू हा माझा नमुना.

१० मे
सफाळ्याला जाऊन महादूला मिसळ खाऊ घालत जनुकं समजावली. त्याला फक्त मिसळ समजली. म्हणाला, भगवंता, पकडलं तर? मी म्हटलं, शास्त्राला कोण पकडणार? मिशी उतरवायला मात्र ऐकेना. समिधा (त्याची बायको) म्हणाली, भावोजी, तुमीच वाढवा ना मिशी, यांची कशाला उतरवता? मुद्दा बरोबर, पण माझ्या कार्डावरच्या फोटोत मिशी नाही.

१४ मे
मेडिकल. महादू शेवटी मिशी उतरवून, माझ्या युनिफॉर्ममध्ये, माझं कार्ड लावून आत गेला. मी तोंडाला रुमाल बांधून बेटेगावच्या नाक्यावर. ऊन फार. तीन सिगरेटी. डॉक्टरांनी विचारल्यावर महादूने ठरल्याप्रमाणे सांगितलं, रोज एक पाकीट. अभिनय बरा करतो.

१९ मे
रिपोर्ट आला. दोन्ही गुडघे उत्तम! हितेश साहेब म्हणाले, भगवंतजी, ये तो पच्चीस साल के लड़के का घुटना है. रोज पाकीटभर ओढून असा गुडघा! आणखी काय पुरावा हवा?
घरी वैभवीला दाखवला. ती म्हणाली, बाबा, हा न ओढणाऱ्याचा गुडघा आहे. आता जनुकं तीच असून तुमचा कसा आहे, ते दाखवा.
मी म्हटलं, दोन माणसांवरून निष्कर्ष काढणं अशास्त्रीय आहे.

२० मे
गुडघा इतका चांगला, म्हणून नव्या टॉवरची शिडीही मलाच दिली. सात मजले. उद्यापासून. सुलू (बायको) म्हणाली, अजून वेळ आहे, साहेबांना खरं सांगा. म्हटलं, रिपोर्ट खोटा आहे का? रिपोर्ट शंभर टक्के खरा आहे.

२१ मे
चढलो. चौथ्या मजल्यापाशी गुडघा अडकला. वर जाईना, खाली येईना. शिडीला मिठी मारून उभा. खाली अख्खी शिफ्ट जमली. कोणीतरी ओरडलं, चाचा, नीचे मत देखो! मी बघतच नव्हतो. डोळे मिटले होते, वेदनेने. शेवटी क्रेनला पाळणा लावून उतरवलं.

२३ मे
हितेश साहेबांनी बोलावलं. म्हटलं, साहेब, गुडघा. त्यांनी एक्स-रे खिडकीकडे धरला. म्हणाले, घुटना तो फर्स्ट क्लास है. शर्माना नहीं, डर किसी को भी लग सकता है. कागदावर लिहिलं: उंचीची भीती. बदली, गेट केबिन.
मला! भीती!
खोडून काढायचं तर तो गुडघा कोणाचा ते सांगावं लागेल. मग केबिनसुद्धा जाईल. सही केली.
घरी सांगितलं. सुलू म्हणाली, मग महादूभावोजींनाही विचारा, त्यांना वाटते का भीती. जनुकं तीच ना?
तर्क शुद्ध होता. फोन लावला. समिधाने उचलला. म्हणाली, भावोजी, जरा वेळानं करा. ते माडाच्या शेंड्यावर हायत.