गाणं मध्येच थांबवलं त्याबद्दल

सर, गेल्या महिन्यात नगरला एका कार्यक्रमात मी गाणं चालू असताना मध्येच हात थांबवला. तुम्ही असता तर हे मी तुम्हाला आपणहून सांगितलं नसतं. कुणाकडून तरी तुमच्या कानावर गेलं असतं आणि मी पुढची दोन वर्षं मिरजगावला यायचं टाळलं असतं. आता तुम्ही नाही, तेव्हा टाळायला जागाच उरली नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

तुम्ही गेलात तेव्हा मी पुण्यात कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. ड्रमसेटवर बसलेलं तुम्ही मला कधी पाहिलंच नाही. शाळेच्या बँडमध्ये साइड ड्रम गळ्यात अडकवून चालणारी मुलगी एवढीच तुमची माझी ओळख. आता मी बसून वाजवते, चारी हातापायांनी. आमचा चौघांचा बँड आहे: गाणारा, गिटारवाला, बेसवाला आणि मी. थंडीच्या दिवसांत कॉलेजांचे महोत्सव, मोकळ्या मैदानांवरचे मोठे कार्यक्रम, आज इंदूर, परवा नाशिक, मग सलग दोन दिवस टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये. पाय ठेवायला जागा नसते कारण पायाशी माझेच ढोल असतात. बाईमाणसासाठी धड संडास कुठे मिळेल याचा हिशेब करून मी पाणी पिते. कानात दिवसभर बारीक शिटी वाजत राहते. आईला वाटतं हे सगळं मी हौसेपोटी करते. हौस केव्हाच संपली सर, आता हे काम आहे, आणि ते मला चांगलं येतं. गेल्या महिन्यापर्यंत येत होतं.

तुमच्याकडे मी आले ती वडिलांच्या बदलीमुळे. बँकेतल्या कारकुनाची मुलगी, गावात नवी, कुणाशी बोलत नव्हते. तुम्ही पीटीच्या तासाला मला बाकावर बोटं आपटताना पाहिलंत आणि म्हणालात, "बोटं मोडायच्या आधी हिकडं ये." मग शाळा सुटल्यावर तुमच्या घरी. तुमच्या बाई चुलीपुढे भाकऱ्या थापत असायच्या आणि मी त्यांच्याच स्वयंपाकघराच्या दारात तेलाचा रिकामा डबा पालथा घालून वाजवत बसायचे. डब्याचा आवाज बाईंच्या डोक्यात जायचा. त्या तुम्हाला म्हणायच्या, "ह्या पोरीला वावरात न्हेऊन बसवा, पाखरं तरी उडतील." तुम्ही हसायचा नाहीत. कान डब्याकडे आणि डोळे माझ्या पायाकडे. पाय ठेक्यात नसला की जोडा काढून हळूच माझ्या पायावर ठेवायचात. दिवाळीच्या सुट्टीनंतर तुम्ही बाभळीच्या लाकडाच्या दोन काड्या मला तासून दिल्यात. वजनाला भलत्याच जड होत्या. "जड हायेत," मी म्हणाले. "मग हलकं वाजव," तुम्ही म्हणालात. त्या वर्षी बँडमध्ये मी एकटी मुलगी होते आणि सगळ्यांत पुढे होते.

सव्वीस जानेवारीचं ते संचलन तुम्ही विसरला नसाल. मैदानावर सरपंच, पाहुणे, पालक. आम्ही पुढे, मागे ओळीने पाचवीपासूनची सगळी शाळा. वळणावर पोचलो तेव्हा कडेला बघत उभी असलेली चौथीतली एक मुलगी माझ्या डोळ्यांसमोर उन्हात कोसळली आणि माझे हात थांबले. मला वाटलं तिला उचलायला पाहिजे. मी थांबले तसे बाकीचे ढोल थांबले, बिगुल थांबला, पण मागची पोरं थांबली नाहीत. त्यांना काय झालंय ते कळलंच नव्हतं. ती पुढच्यांच्या अंगावर गेली, चार-पाच जण पडले, एकाची हनुवटी फुटली. तुम्ही लोकांसमोर एक शब्द बोलला नाहीत. दुपारी खेळाच्या खोलीत बोलावलंत.

"पोरगी पडली तर उचलायला मानसं हुती. तुझं काम काय हुतं?"

"वाजवायचं."

"मंग? एवढ्या पोरांचं पाय तुझ्या हातात हुतं. तू हात काढलास." शेवटी म्हणालात, "काय बी झालं तरी ठेका सोडायचा न्हाई. ठेका सुटला की मानसं एकमेकाच्या अंगावर जात्यात."

त्यानंतर मी कधी सोडला नाही सर. एकदा वाजवताना काडी मोडून तिची ढलपी डोळ्याखाली घुसली, रक्त गालावरून गळ्यात उतरलं, मी गाणं पुरं केलं. बाबा अतिदक्षता विभागात असताना मी सुरतला वाजवलं. बँडमध्ये माझी ख्याती हीच आहे, ही थांबत नाही.

आणि मग नगर. शहराबाहेरचं मोकळं मैदान, तीन बाजूंनी पत्र्याची भिंत, आत यायला एकच मोठं फाटक. आमच्यानंतर एक फार गाजलेला गायक येणार होता, गर्दी त्याच्यासाठी होती. ऊन उतरत होतं. निवेदकाने "आपल्या जिल्ह्याची लेक" म्हणून माझ्याकडे हात केला तेव्हा लोक जोरात ओरडले आणि मला बरं वाटलं. फाटक बंद ठेवून बाहेरची गर्दी बराच वेळ अडवली होती. आमचं तिसरं गाणं सुरू झालं आणि ते एकदम उघडलं.

ड्रमवाला सगळ्यांत मागे बसतो, पण उंचावर. गाणाऱ्याला दिसत नाही ते मला दिसतं. गर्दी नाचते तेव्हा डोकी वरखाली होतात. आता ती आडवी हलताहेत. वारं सुटल्यावर ज्वारीचं रान एका अंगाला कलतं आणि परत येतं, तशी. त्यांतलं कुणीच स्वतः हलत नाहीये. पुढच्या लोखंडी कठड्याला मुली आहेत, बऱ्याचशा कॉलेजच्या, लवकर येऊन पुढची जागा धरलेल्या. त्यांचे हात वर नाहीत, आत अडकलेत. तोंडं आभाळाकडे. पिवळ्या ओढणीतली एक मुलगी स्टेजकडे बघतच नाहीये, तिचे डोळे उघडे आहेत आणि ती कुठेच बघत नाहीये. माझ्या कानातल्या यंत्रात ठेक्याची टकटक चालू आहे. मी गाणाऱ्याला नावाने हाक मारते, त्याच्या कानातही यंत्र आहे, त्याला ऐकू जात नाही. स्टेजच्या कडेला आयोजकांचा माणूस उभा आहे. मी काडीने पुढे दाखवते. तो बघतो. त्याला दिसतं, मी शपथेवर सांगेन की त्याला दिसतं. तो हाताने गोल गोल खूण करतो: चालू ठेवा, चालू ठेवा.

गाणं जसजसं चढतं तसतशी मागची माणसं पुढे रेटतात. माझ्याच ठेक्यावर रेटतात. हे मला कळतं तेव्हा हात आपोआप चालूच असतात, आणि तुमचा आवाज नेमका तेव्हाच येतो. ठेका सोडायचा न्हाई. गाण्याची एक ओळ मी तुमचं ऐकलं. अजून अर्धी ओळ. मग हात वर घेतले आणि खाली आणलेच नाहीत.

गिटार थोडं पुढे गेलं आणि अडखळून थांबलं. गाणारा वळला. त्याचा तो चेहरा मी याआधी कधी पाहिला नव्हता. मी उतरून त्याच्या हातातला माइक घेतला आणि तोंडातून मिरजगावची भाषा आली, "मागच्यांनो, मागं सरका. पुढं पोरी दबल्यात. मागं सरका." लोकांनी हुर्यो उडवली. पाण्याची एक बाटली माझ्या खांद्याला लागली. आणि सर, तुम्ही म्हणाला होता अगदी तसंच झालं. गाणं बंद का पडलं ते बघायला मागची माणसं आणखी पुढे आली. कठडा वाकताना मला दिसला. एक लांब किंकाळी आली. मी थांबवलं म्हणून ते आणखी वाईट झालं, निदान त्या घटकेला झालं.

मला दुसरं काही सुचलं नाही. मी परत जाऊन बसले आणि पायाने फक्त मोठा ढोल वाजवायला लागले. अगदी सावकाश, संचलनाच्या चालीत, बाकी काही नाही. गाणाऱ्याला काय वाटलं कोण जाणे, त्याने माझ्याकडे पाहिलं, माइक तोंडाशी घेतला आणि त्या ठेक्यावर शांतपणे बोलायला लागला. "सगळ्यात मागचे, तुम्ही आधी. एक पाऊल मागं. अजून एक. आता मधले." मागची डोकी हलली. कुणी शिव्या देत होतं, कुणी हसत होतं, पण हलली. तेवढ्यात सुरक्षारक्षकांनी कडेचा पत्रा उचकटला आणि मुलींना हाताला धरून बाहेर ओढायला सुरुवात केली. माझ्या ठेक्याने माणसं मागे गेली की पत्रा उघडल्याने मोकळी झाली, हे मला माहीत नाही. पिवळ्या ओढणीवाली चालत बाहेर गेली. दोन मुलींना अँब्युलन्समधून नेलं, त्या रात्रीपर्यंत घरी पोचल्या. एका मुलाचा हात मोडला. बाकी काही झालं नाही.

हे "काही झालं नाही" फार अवघड आहे सर. आयोजकांचा तो माणूस स्टेजमागे माझ्या तोंडाजवळ येऊन म्हणाला, "मॅडम, तुम्ही वाजवत राहिला असता तर काहीच झालं नसतं. पब्लिक तुम्ही भडकवलंत." माणसं मेली असती तर मी खरी ठरले असते. दोन महोत्सवांनी आमचं नाव काढून टाकलं, ती पोरगी मध्येच उठते असं म्हणे. त्या रात्री परतताना शिरूरच्या पुढे चहाला थांबलो तेव्हा गाणारा माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. कप हातात घेऊन नुसताच उभा. मग म्हणाला, "मला दिसलं होतं."

"काय?"

"पुढच्या मुली. तुझ्या आधी दिसल्या होत्या. मला वाटलं, एवढं गाणं होऊन जाईल." त्याचा चहा तसाच राहिला.

हात मोडलेला मुलगा घोडेगावचा निघाला. पत्ता शोधून मी एकटीच गेले. त्याचे वडील जनावरांच्या बाजारात व्यवहार करतात, ते घरी नव्हते. आई होती. तिने मला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं आणि समोर उभी राहिली.

"तुमीच वाजवत हुता व्हय?"

"हो."

"आन् तुमीच बंद केलं?"

"हो."

ती आत गेली. मला वाटलं आता उठावं. मग मुलगा बाहेर आला, हात गळ्यात बांधलेला, प्लास्टरवर मित्रांनी काहीबाही लिहिलेलं. मी ज्यासाठी आले होते ते विचारलं. हात केव्हा मोडला, गाणं चालू असताना की थांबल्यावर?

त्याने खरंच आठवून पाहिलं. "न्हाई सांगता येत ताई. लई दाबलं हुतं. गाणं चालू हाय का बंद तेच ध्यानात न्हवतं. हात खाली गेल्ता, वर येईना, एवढंच." आई चहा घेऊन आली होती, उंबऱ्यात उभी राहून ऐकत होती. तिने कप माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "जाऊ द्या आता. ह्यो घरी आला, मला बास." तिने मला माफ केलं की नुसतं वाटेला लावलं, ते कळलं नाही. मुलगा मात्र फाटकापर्यंत आला आणि त्याने हळू आवाजात विचारलं, "पुन्हा कधी हाय तुमचं नगरला?"

तिथून मी तडक मिरजगावला यायचं ठरवलं होतं. तुमचं घर बंद आहे, बाई लेकीकडे असतात, हे ठाऊक असूनही. मग नगरच्या चौकात गाडी पुण्याकडे वळवली. तुमच्यापुढे उभं राहून मला काय विचारायचं होतं? तुम्ही शिकवलेलं खोटं निघालं असं नाही. ठेका सुटला आणि माणसं अंगावर गेली, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. पण तुम्ही सांगितलं होतं ते रांगेत चालणाऱ्या पोरांबद्दल. जिथे ठेकाच माणसांना ढकलत असतो तिथे काय करायचं, हे तुम्ही सांगितलं नाहीत. कदाचित तुम्हालाही ठाऊक नव्हतं. तुमच्याबद्दल असा विचार मी पहिल्यांदाच केला, आणि केल्यावर घरात कुणी नसताना उगाच दाराकडे पाहिलं.

त्यानंतर एकच कार्यक्रम झाला, लहानसा, बंद सभागृहात, लोक खुर्च्यांवर बसलेले. मी सगळा वेळ त्यांच्याकडेच बघत होते. कोण उठतंय, कोण कुठे सरकतंय, दारं किती आहेत. वाजवलं बरोबर, कुणाला काही कळलं नाही. उद्या मोठं मैदान आहे. टेम्पो सकाळी खाली येईल, ढोल बाकीच्यांनी आजच चढवले. हे पत्र मी कुठे टाकणार, ते घडी घालून पुस्तकात ठेवीन. माझी कंबर धरली आहे, कदाचित उद्या बसता येणार नाही, दुसरं कुणी बघून ठेवा, असं मी दुपारी तिघांना सांगितलं. गाणाऱ्याने औषध आणून दिलं, शेकायची पिशवी दिली.

कंबर धरलेली नाही, सर.