पाण्यातला खुंट

चामोर्शी, १४ डिसेंबर २००४, मंगळवार

मन कशातच लागत नाही. उद्या सुखदेवभाऊंच्या बायकोची तेरवी. तिचा एकच फोटो होता, तलावाच्या पाळीवर उभी, बाजूला पाहून हसणारी. हार घालायच्या फोटोसाठी मी आज स्टुडिओतल्या कॉम्प्युटरवर तिच्यामागचं सगळं कापलं आणि निळा पडदा टाकला. पाण्यात एक खुंट दिसत होता, तोही पुसला. केसांच्या कडा साफ निघाल्या म्हणून खूश होते मी.

संध्याकाळी भाऊ आले. फोटोतल्या निळ्या पडद्यावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "इथी पाण्यात मी होतो ना बाई, जाळं घेऊन. माह्याकडं पाहूनच हासून राह्यली होती थे."

खुंट नव्हता तो. मोठं करून पाहायला काय झालं होतं मला?

"तुम्हाला परत फोटोत टाकून देते, भाऊ."

"नाई. जित्या माणसाच्या फोटोले हार घालत नाई." फोटो पिशवीत ठेवला, दारात थांबले. "मी मेलो का टाकजो मले. तिथीच, पाण्यात."

खुंट समजले मी त्यांना. जुनी फाईल पुसलेली नाही. पण तोवर ती निळ्या पडद्याकडेच पाहून हसत राहणार.