कोच मीच

४ जानेवारी
नॉकआऊट कपचा ड्रॉ आला. सगळ्या देशातले संघ, त्यात आमच्या जय भैरव तालमीचा फुटबॉल संघ. पहिली मॅच आपल्याच मैदानावर, इंदूरशी. इंदूरवाल्यांनी पोहे खावेत, फुटबॉल त्यांचं काम नव्हे.
कोच मीच. मी स्वतः कधी खेळलो नाही, म्हणूनच माझी नजर स्वच्छ आहे. तालमीचे अध्यक्ष आकारामदादा मात्र म्हणाले, "अण्णा, जोडीला क्रांतीला घ्या. पोरीकडं कोचिंगचं लायसन हाय."
लायसन रिक्षाला लागतं. पण अध्यक्षांचा मान म्हणून घेतली.

९ जानेवारी, सकाळ
क्रांतीनं मैदानभर लाल प्लास्टिकच्या टोप्या मांडल्या आणि पोरांना त्यांच्यामधून पळवलं. मी म्हटलं, रस्ता खणताना ठेवतात त्या ह्या. पोरं हसली. माझ्या विनोदावर.
राजवर्धन, आमचा फॉरवर्ड, कागल एमआयडीसीतली नाईट शिफ्ट करून थेट आला आणि गोलपोस्टला टेकून झोपला. संघातून काढला. शिस्त म्हणजे शिस्त.
क्रांती म्हणाली, "काका, मग गोल कोण मारणार?"
मी म्हटलं, सिस्टीम मारेल. तिला कळलं नाही. लायसनमध्ये हा धडा नसावा.

१८ जानेवारी
जिंकलो! एक-शून्य! इंदूरच्या बॅकनं स्वतःच्याच जाळ्यात बॉल घातला. मी त्याच क्षणी लाईनवरून ओरडलो होतो. घाबरला बिचारा. ह्याला म्हणतात प्रेशर गेम. क्रांतीचं म्हणणं, त्याचा पाय घसरला. बाईमाणसाला दुसऱ्याचं यश बघवत नाही असं लिहिणार होतो, पण घरी बायकोच्या, सुष्मिताच्या, हाती वही लागली तर पंचाईत. क्रांतीला बघवत नाही, एवढंच.

२ फेब्रुवारी
दुसरी फेरी. रेफ्रीला ऑफसाईडचा नियम माहीत नव्हता. समजावायला आत गेलो, तर लाल कार्ड! वर पुढच्या मॅचलाही बंदी. शिकवायला गेलं की हे असं होतं.
गेटबाहेर भडंगाच्या गाडीपाशी बसलो. आतून दोनदा मोठा कल्ला झाला. क्रांतीनं राजवर्धनला उतरवलं म्हणे आणि त्यानं दोन गोल ठोकले. विश्रांती कोणी दिली होती त्याला? मी. शेजारच्या माणसाला हे सगळं नीट समजावून सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "व्हय पावणं, पण तुम्ही कोण?"
पुण्याकडचा असणार.

३ फेब्रुवारी
पेपरात क्रांतीचा फोटो. छापणाऱ्यांना फुटबॉलमधलं काही कळत नाही.

२० फेब्रुवारी
क्वार्टर फायनल. मी आपल्या रंगाच्या दुकानात, मॅच मोबाईलवर. मेसेज पाठवून पाठवून क्रांतीला मार्गदर्शन केलं. तिनं एकही बघितला नाही. मैदानात रेंज नसणार. मधल्या वेळात एका गिऱ्हाईकाला डिस्टेंपरऐवजी प्रायमर दिला, तो भांडून गेला. पेनल्टीवर जिंकलो. पाया मी घातला, इमारत दिसतेच आहे.

७ मार्च
सेमीफायनल, समोर कोलकाता. बंदी संपली. आकारामदादा म्हणाले, "अण्णा, संघ जमलाय. आज गॅलरीत बसून बघा की." मी म्हटलं, कप्तानानं जहाज सोडायचं नसतं.
राजवर्धननं राष्ट्रगीतानंतर जांभई दिली. बेंचवर बसवला. क्रांती काहीतरी सांगायला आली, तिला हातानंच थांबवलं.
हाफटाईमला शून्य-तीन.
ड्रेसिंग रूममध्ये मी बोलायला सुरुवात केली. छाती, माती, इज्जत. माझ्याकडं एकही मान वळली नाही. सगळे क्रांतीकडं बघत होते आणि ती भिंतीकडं. मग राजवर्धन उठला. आवाज चढवला नाही त्यानं. म्हणाला, "अण्णा, पाया पडतो. जरा गप्प बसा की."
बसलो. क्रांतीनं चार वाक्यं सांगितली. मला त्यातली दोन समजली.
राजवर्धन आत गेला. एक गोल झाला. मग आणखी एक. शेवटच्या मिनिटाला त्याचा हेडर बारला लागून बाहेर गेला.
दोन-तीन. हरलो. तरी आख्खं मैदान उभं राहून टाळ्या वाजवत होतं. पोरांनी क्रांतीला खांद्यावर घेतलं. मी बेंचवर बसून होतो.

८ मार्च
आकारामदादा दुकानात आले. पुढच्या वर्षापासून क्रांतीच कोच, म्हणाले. मी मान हलवली.
संध्याकाळी सुष्मितानं विचारलं, "सकाळधरनं बोलला न्हाईसा. घसा बसलाय काय?"
व्हय म्हटलं.
तिनं हळद घालून दूध दिलं. प्यालो.