पाळण्याची लय

प्रिय ठमे,

फोनवर तू "बरी आहे" म्हणतेस आणि लगेच जावयांच्या हातात फोन देतेस, म्हणून लिहायला बसले. इकडे नाताळ होऊन गेला. तो कसा झाला हे दुसऱ्या कुणाकडून तुझ्या कानावर येण्याआधी माझ्याकडूनच ऐक.

यंदा चष्मेवाल्या मास्तरांनी आम्हा चर्चमधल्या गाणाऱ्यांकडून पाळणा बसवून घेतला. तू शाळेत असताना आम्ही तो एकदा गायलो होतो. राजाने गावातली तान्ही मुलं मारायचा हुकूम सोडलाय, शिपाई यायचेत, आणि आया आपापल्या बाळाला निजवतायत. चार आवाज, साथीला ऑर्गनसुद्धा नाही. लय अगदी संथ आणि गंधार कोमल, त्यामुळे सगळं गाणं मळभ आल्यासारखं वाटतं. फक्त शेवटी, चारही आवाज एकत्र थांबतात तिथे, गंधार शुद्ध होतो आणि क्षणभर कुणी खिडकी उघडल्यासारखं होतं. तो गंधार आम्हा आल्टोंकडे, बायकांतल्या खालच्या आवाजाकडे, म्हणजे खरं तर माझ्याकडेच. उरलेल्या दोघींपैकी एकीला दमा आणि दुसरी माझ्या तोंडाकडे बघून गाते.

पहिल्या तालमीला कागद वाटले तेव्हा सगळ्यांच्या माना खाली. मास्तरांनी मला जिन्यापाशी गाठलं. "वहिनी, माझ्या डोक्यातच आलं नाही हो. गाळू या का?" मी म्हटलं, राहू दे. खरं सांगू? तुझी मुलगी गेल्यापासून त्याविषयी आमच्याशी कुणी अवाक्षर काढलेलं नाही. माणसं दुधाभाजीचं बोलतात आणि सटकतात. निदान गाण्यात तरी कुणी गेलेल्या बाळाबद्दल तोंड उघडणार होतं.

बाबा लिफ्ट दुरुस्त करून आले की हाताचं ग्रीस घासून धुवायचे, जेवायचे, माझ्यासोबत तालमीला यायचे आणि पुरुषांच्या खर्जातल्या, बासच्या रांगेत कडेला उभे राहायचे. चर्चचे पाळकसाहेब मात्र एकदा डोकावून गेले. म्हणाले, "सणाला रडगाणं नको. जरा उचलून घ्या." मग मास्तरांनी लय वाढवली. इतकी, की पाळणा कसला, जत्रेतला चक्री झोका वाटायला लागला. दमेकरी बाई म्हणाली, एवढ्या जोरात हलवलं तर बाळ दूध ओकेल. सगळे हसलो. मग तिनेच जीभ चावली आणि तालीम संपेपर्यंत माझ्याकडे बघेना.

नाताळच्या सकाळी चर्च गच्च भरलेलं. पहिलं कडवं मास्तरांच्या लयीत गेलं. दुसऱ्या कडव्यात बास मागे राहायला लागला. मास्तर हाताने पुढे ओढतायत आणि कुणीतरी येतच नाही. बघते तर बाबा! उभ्या जन्मात ज्यांचा ठेका चुकला नाही, तुझ्या लग्नात ज्यांनी बँडवाल्याला थांबवून ताल समजावला, ते डोळे मिटून, एक हात छातीशी घेऊन, शब्दाशब्दावर थांबत गात होते. शेजारचे त्यांच्यासोबत रेंगाळले, मग टेनर, मग आम्ही. मास्तरांनी दोन-चार वेळा बोट नाचवलं. शेवटी त्यांनीही हात सैल सोडला आणि बाबांच्या मागून चालू लागले.

मला ती लय ओळखू आली. इस्पितळात तू ग्लानीत होतीस तेव्हा नर्सने बाळाला काचेच्या पेटीतून काढलं, नळ्या सोडवल्या आणि बाबांच्या हातात दिलं. "आता घेतलंत तरी चालेल," एवढंच म्हणाली. त्याचा अर्थ आम्हा दोघांनाही कळला. बाबा तिला घेऊन खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत राहिले. आपण घाई केली तर ती लवकर जाईल, अशा बेताने पाऊल टाकत होते. तू तेव्हा कुणाला काही सांगू दिलं नाहीस, म्हणून आज सांगते. ती पेटीत एकटी गेली नाही, ठमे. आजोबांच्या हातावर गेली.

गाण्याचा शेवट आला. सगळे माझ्या गंधारासाठी थांबले होते आणि माझ्या घशातून तो फुटेना. शुद्ध नाही, कोमलही नाही. मधला सूरच नसलेला तो पोकळ आवाज वर छतापर्यंत गेला आणि तिथेच विरला. मागच्या बाकावर कुणाला तरी हुंदका आवरला नाही. नंतर दारात पाळकसाहेब आमच्याशी हात न मिळवताच दुसऱ्यांकडे वळले. मास्तर तेवढे आमच्यासोबत कोपऱ्यापर्यंत चालत आले.

घरी आल्यावर बाबांनी कोट खुंटीला लावला आणि तसेच भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मग म्हणाले, "अगं, मी तिला हाक कुठल्या नावाने मारायची?" नव्या वर्षात एका रविवारी, वर्षभरात गेलेल्यांची नावं चर्चमध्ये मोठ्याने वाचतात. 'अमक्यांची नात' एवढं पुरेल, असा पाळकसाहेबांचा निरोप आलाय. बाबा म्हणतात, पुरणार नाही. ती पोटात असताना तुम्ही दोघांनी काहीतरी ठरवलं असणारच. तू ते उच्चारलं नाहीस आणि विचारायचा आम्हाला धीर झाला नाही. जावयांना विचारता आलं असतं, पण ते तुझ्याकडूनच यावं असं वाटतं. बोलणं जमणार नाही, ठाऊक आहे मला. म्हणून कागदावर लिही. खुशाली नको, दुसरं काहीसुद्धा नको. तिचं नाव तेवढं कळव.

वाट बघणारी, तुझीच,
आई