तेवीस जोड

तीर्थरूप नाना,

तुम्हाला जाऊन सहा वर्षं झाली, त्यामुळे हे पत्र टाकायचं कुठे? तुम्ही काढलेल्या घरच्या फिल्मच्या डब्याजवळ मी गेले तरी म्हणायचात, "शीला, हात नको लावू, तुटी जाई."

यंदा मीच ती मऊ कापडाने हात-हातभर पुसली. कडेची फाटलेली भोकं चिकटपट्टीने सांधली, फिल्म दाखवायच्या मशीनचे दाते घासले, पुढे कोरी पट्टी जोडून आधी तेवढीच चालवून पाहिली. तेवीस जोड लागले. काल सगळ्या भाऊबंदांसमोर फिल्म चालली, एकही सुटला नाही.

फिल्मभर मी पाठमोरी आहे, डोक्यावर पदर, हातात चहाचा ट्रे. काल चहा तुमच्या लेकाने केला. साखर विसरला, तरी मी मशीन सोडून उठले नाही.

तुमची सून,
शीला
लोणखेडा