दंडाला पट्टा असताना

ती. ताईस नमस्कार. तुझा खोकला थांबला का? भाऊजींनी वाफ घ्यायला लावली असेलच. आम्ही सगळे खुशाल (असं लिहायची पद्धत आहे, खरं काय ते पुढे कळेल).

सोमवारी रक्त तपासायला गेलो होतो. रक्त काढणाऱ्या बाईंनी दंडाला पट्टा आवळला आणि म्हणाल्या, ‘प्रोटीन बघायचंय.’ बस, एवढंच! कोणतं, कशासाठी, काही नाही. आपल्या रक्तात काय आहे हे माणसाला कळायला नको? मी वाचून गेलो होतो, म्हणून मीच त्यांना सांगितलं, की अल्ब्युमिन रक्तातलं पाणी बाहेर झिरपू देत नाही आणि औषधं वाहून नेतं. ग्लोब्युलिनांपैकी काही जंतूंशी झुंजतात, काही लोहाची ने-आण करतात. ‘साहेब, हात हलवू नका,’ बाई म्हणाल्या. मग ‘साहेब, जरा थांबता का?’ मी म्हटलं, एवढं फायब्रिनोजेन होऊ द्या, त्याच्याशिवाय जखमेतलं रक्त गोठतच नाही.

रिपोर्टात एकूण प्रथिनं वाढलेली, आणि फायब्रिनोजेन गायब! तडक भांडायला गेलो. बाई म्हणाल्या, ‘अहो, रक्त गोठू देतो आणि वरचा पातळ भाग तपासतो. गोठण्यात तेच तर खर्च होतं.’ (हे मला सुचायला हवं होतं. पण आवाज चढवून झाला होता.)

डॉक्टर म्हणाले, पट्टा फार वेळ राहिला तर प्रथिनं जास्त दिसतात, पुन्हा तपासू. म्हणजे निष्काळजीपणा त्यांचा आणि सुई मला! दीड पानी तक्रार लिहिली. ‘पट्टा विनाकारण बांधून ठेवला’ हे वाक्य पक्कं करताना मात्र पेन थांबलं. तेवढा वेळ बोलत कोण होतं? तक्रार फाडली. राग अजून आहे, तो कोणावर काढावा ते कळत नाही.

तुझा भाऊ

ता. क. शुक्रवारी सकाळी आठला पुन्हा जायचंय. तू ये. मी तोंड उघडलं की दटाव.

ता. क. २. यावेळीही प्रथिनं जास्त आली तर आणखी तपासण्या, असं डॉक्टर म्हणाले. कसल्या, ते मी विचारलं नाही. मी विचारलं नाही, ताई.

ता. क. ३. हिला काही सांगितलेलं नाही. ऑफिसला लवकर जायचंय असं सांगून निघेन. आठ म्हटलंय, पण मी सातपासूनच लॅबच्या दाराशी उभा असेन.